व्रणकारी केसगळतीत लेसर उपचारांचे स्थान

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांपैकी पन्नास ते शंभर केस रोज गळत असले तरी डोके विरळ दिसत नाही, कारण गळालेल्या प्रत्येक केसाच्या जागी काही महिन्यांत नवा केस उगवतो. ही पुनर्निर्मिती ज्यामुळे शक्य होते त्या रचनेला केशपुटक म्हणतात. केसाच्या मुळाला वेढणारी आणि त्वचेत काही मिलिमीटर खोल गेलेली ती एक नळीसारखी पिशवी असते. बाळंतपणानंतर किंवा टायफॉइड, डेंग्यूसारख्या तापानंतर मूठमूठ केस गळतात तेव्हा, अथवा डोक्यावर चाई पडून गोल, गुळगुळीत चट्टे तयार होतात तेव्हाही केशपुटक मेलेले नसते आणि म्हणून केस परत येण्याची शक्यता शिल्लक राहते. वयपरत्वे पडणाऱ्या अनुवंशिक टकलातदेखील पुटके हळूहळू आक्रसतात, पण दीर्घकाळ टिकून असतात. याहून वेगळ्या प्रकारच्या गळतीत मात्र दाहामुळे केशपुटकच नष्ट होते आणि त्याच्या जागी व्रणाची तंतुमय ऊती भरते. या विकारसमूहाला व्रणकारी केसगळती किंवा वैद्यकीय परिभाषेत सिकॅट्रिशियल अ‍ॅलोपेशिया असे म्हणतात.

त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत आणि सौंदर्योपचार केंद्रांत लेसर यंत्रे सर्रास दिसू लागल्यापासून, तसेच घरी वापरण्याच्या लेसर टोप्या आणि कंगवे विक्रीस आल्यापासून, या आजाराचे रुग्णही लेसरने केस परत येतील काय, अशी विचारणा करू लागले आहेत. या प्रश्नाला होय किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर देता येत नाही, कारण या आजारात वापरले जाणारे लेसर किमान चार वेगवेगळ्या प्रकारचे आहेत आणि त्यांची कार्ये परस्परांहून भिन्न, किंबहुना काही वेळा परस्परविरुद्ध आहेत. एक लेसर दुबळ्या केसाला चालना देण्यासाठी वापरतात, दुसरा दाह घडविणाऱ्या पेशींना आवरण्यासाठी, तिसरा आजारी केशपुटक मुद्दाम जाळून टाकण्यासाठी, तर चौथा व्रणाची कठीण झालेली त्वचा मऊ करण्यासाठी. त्यामुळे कोणता आजार, तो कोणत्या टप्प्यावर आणि त्यासाठी कोणता प्रकाश, या तीन बाबी ठरल्याखेरीज लेसर उपचाराविषयीची कोणतीही चर्चा अपुरी राहते.

केस कायमचा का जातो

केसाचा जो भाग वाढतो तो पुटकाच्या तळाशी असलेल्या कंदात तयार होत असला, तरी नवा कंद पुन्हापुन्हा घडविण्याची क्षमता ज्या मूलपेशींमध्ये असते त्या तळाशी नसून बऱ्याच वर, तैलग्रंथीच्या खाली आणि रोमांच उभे करणारा सूक्ष्म स्नायू जेथे पुटकाला चिकटतो त्या फुगीर भागात राहतात, ही गोष्ट १९९० मध्ये जॉर्ज कोत्सारेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील संशोधनातून पुढे आणली. या शोधामुळे दोन प्रकारच्या गळतींमधील फरकाचा उलगडा झाला. चाईमध्ये प्रतिकारशक्तीच्या पेशी तळच्या कंदावर हल्ला करतात, त्यामुळे केस तुटून पडतो, पण वरच्या मूलपेशी बचावतात; व्रणकारी केसगळतीत हल्ला नेमका वरच्या भागावर होतो आणि मूलपेशी नष्ट झाल्या की नवा केस घडविणारे कोणी उरत नाही. निरोगी अवस्थेत या मूलपेशींना प्रतिकारशक्तीपासून एक प्रकारचे संरक्षण लाभलेले असते आणि ते कोसळल्यामुळे हा हल्ला होतो, असे आज अनेक संशोधक मानतात. पुटकातील मेदाच्या चयापचयाचे नियमन करणारे पीपार गॅमा नावाचे प्रथिन कमी पडल्यासही दाह आणि व्रण निर्माण होतो, असे प्रतिमा कर्णिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसून आले. मधुमेहावरील पायोग्लिटाझोन हे औषध या आजारातील काही रुग्णांना देऊन पाहण्यामागे हाच तर्क आहे.

व्रणकारी केसगळतीचे प्राथमिक आणि दुय्यम असे दोन मोठे वर्ग पडतात. आजाराचे लक्ष्य केशपुटक हेच असेल तर ती गळती प्राथमिक आणि भाजणे, किरणोत्सार, खोल जखम किंवा लहान मुलांच्या डोक्यावरील बुरशीचा तीव्र पुवाळणारा संसर्ग यांच्या तडाख्यात पुटके सापडली असतील तर ती दुय्यम होय. प्राथमिक वर्गातील आजारांची २००१ मध्ये उत्तर अमेरिकेतील केससंशोधकांच्या संस्थेने मांडलेली विभागणी आजही वापरली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली पुटकाभोवती कोणत्या पांढऱ्या पेशींचा घोळका दिसतो, यावर ती आधारलेली आहे. लिम्फोसाइट पेशींचा घोळका असलेल्या गटात लायकेन प्लॅनोपिलॅरिस, डिस्कॉइड ल्युपस आणि कपाळावरील केसांची रेषा पट्ट्यासारखी मागे सरकविणारी फ्रंटल फायब्रोसिंग अ‍ॅलोपेशिया हे आजार येतात. यांतील शेवटच्या आजाराचे पहिले वर्णन ऑस्ट्रेलियातील त्वचारोगतज्ज्ञ स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ मध्ये रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांच्या संदर्भात केले. त्यात भुवयाही विरळ होतात आणि वयामुळे असे होत असेल, अशा समजुतीने निदान अनेकदा लांबते. न्यूट्रोफिल पेशींचा घोळका असलेल्या गटातील फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हन्स आणि डिसेक्टिंग सेल्युलायटिस हे आजार पुवाने भरलेल्या पुटकुळ्या, गळू आणि खपल्या घेऊन येतात. त्यामुळे आरंभी साधी केसतोड समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

निदान आधी, प्रकाश नंतर

टाळूला खाज, आग किंवा दुखरेपणा असणे, केसांच्या बुडाशी लालसर कडे आणि पांढरट पापुद्रे दिसणे आणि चट्ट्यावरील त्वचा चकचकीत होऊन तिच्यावरील केसांची सूक्ष्म छिद्रे नाहीशी होणे, ही या आजाराची महत्त्वाची लक्षणे आहेत. डर्मोस्कोप या प्रकाशयुक्त भिंगातून टाळूचे निरीक्षण केल्यास छिद्रे शिल्लक आहेत की नाहीत हे स्पष्ट दिसते आणि जेथे शंका राहते तेथे टाळूचा सुमारे चार मिलिमीटर व्यासाचा तुकडा काढून बायोप्सी केली जाते. हा तुकडा पूर्ण टक्कल पडलेल्या मध्यभागातून न घेता आजार जेथे धुमसत आहे त्या कडेच्या भागातून घ्यावा लागतो, कारण मध्यभागी केवळ व्रण उरलेला असतो आणि तो कशामुळे झाला याचा पुरावा नाहीसा झालेला असतो.

निदानाबरोबरच आजार सक्रिय आहे की निवला आहे हेही ठरवावे लागते. सक्रिय अवस्थेत उपचाराचा हेतू गेलेले केस परत आणणे हा नसून शिल्लक असलेली पुटके वाचविणे हा असतो आणि त्यासाठी चट्ट्यांत टोचली जाणारी किंवा वरून लावली जाणारी स्टेरॉइडे, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, डॉक्सिसायक्लिन, मेथोट्रेक्सेट यांसारखी औषधे वापरली जातात. फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हन्समध्ये क्लिंडामायसिन आणि रिफॅम्पिसिन ही प्रतिजैविकेही दिली जातात. मात्र रिफॅम्पिसिन हे क्षयरोगावरील प्रमुख औषध असल्यामुळे क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात ते देताना विशेष विचार करावा लागतो. लेसर या औषधांची जागा घेत नाही. जेथे वापरला जातो तेथे तो बहुतेक वेळा त्यांच्या जोडीने आणि औषधांनी अपेक्षित परिणाम न झाल्यास वापरला जातो.

प्रकाशाची निवड

उत्तेजित उत्सर्जनाची कल्पना अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडली आणि त्या तत्त्वावर चालणारा पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये कॅलिफोर्नियात माणिकाच्या स्फटिकापासून तयार केला. साध्या दिव्याच्या प्रकाशात अनेक तरंगलांबींची सरमिसळ असते, तर लेसरमधून जवळपास एकाच तरंगलांबीचा, एका दिशेने जाणारा प्रकाश बाहेर पडतो. ही तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. वैद्यकात तिला महत्त्व येते ते त्वचेतील प्रत्येक घटक विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश अधिक शोषतो म्हणून: केसातील आणि त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य दृश्य व जवळच्या अवरक्त पट्ट्यातील प्रकाश शोषते, पाणी दूरच्या अवरक्त पट्ट्यातील प्रकाश शोषते आणि अतिनील किरण त्वचेच्या अगदी वरच्या थरांतच अडतात. योग्य तरंगलांबी आणि योग्य कालावधीचा झोत निवडला तर आजूबाजूच्या ऊतीला फारशी इजा न करता हव्या त्या घटकालाच तापविता येते, हे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले आणि त्वचेवरील आधुनिक लेसर उपचारांचा मोठा भाग त्यावरच उभा आहे.

मंद लेसर: केसाला चालना

टोपी, पट्टा किंवा कंगवा यांच्या रूपात मिळणारी यंत्रे मंदशक्ती लेसर या वर्गात मोडतात. त्यांचा इतिहास बुडापेस्टमध्ये सुरू होतो. तेथील शल्यविशारद एंड्रे मेस्टर यांनी १९६७ मध्ये माणिक लेसरचा कर्करोगाशी काही संबंध आहे का, हे पाहण्यासाठी उंदरांच्या पाठीवरील केस भादरून त्यांच्यावर क्षीण प्रकाश सोडला; कर्करोग तर झाला नाहीच, उलट प्रकाश मिळालेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर वाढले. या परिणामाचे आज दिले जाणारे स्पष्टीकरण असे, की सुमारे ६३० ते ६८० नॅनोमीटर पट्ट्यातील तांबडा आणि त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश पेशींतील मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जाकेंद्रांमधील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर शोषून घेते, त्यामुळे पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते आणि दाहाचे काही संकेत मंदावतात. या प्रकाशाने त्वचा तापत नाही आणि त्याचा परिणाम मात्रेवर अवलंबून असतो. अधिक प्रकाश म्हणजे अधिक लाभ असे समीकरण येथे लागू पडत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये अशा पहिल्या लेसर कंगव्याला पुरुषांच्या अनुवंशिक टकलासाठी आणि २०११ मध्ये स्त्रियांसाठी विक्रीची मुभा दिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ११० पुरुषांनी २६ आठवडे खरा किंवा नकली कंगवा वापरला आणि खऱ्या यंत्राच्या गटात केसांची घनता अधिक वाढल्याचे आढळले. येथे दोन गोष्टींची नोंद घ्यावी लागते. पहिली, ही मुभा यंत्राच्या सुरक्षिततेची आणि आधीच्या यंत्रांशी असलेल्या साधर्म्याची तपासणी करून मिळते, नव्या औषधाला लागते तितक्या कठोर पुराव्याची अट तिला नसते. दुसरी आणि अधिक महत्त्वाची, ती अनुवंशिक टकलापुरती आहे, जेथे आक्रसलेले का होईना पण जिवंत पुटक उपलब्ध असते. व्रणकारी केसगळतीत मंद लेसर वापरल्याचे जे अनुभव स्पेन, पोलंड आदी देशांतील डॉक्टरांनी लायकेन प्लॅनोपिलॅरिस आणि फ्रंटल फायब्रोसिंग अ‍ॅलोपेशियाविषयी प्रसिद्ध केले आहेत, त्यांत लाली, पापुद्रे व खाज कमी झाल्याचे आणि शिल्लक केस जाड झाल्याचे दिसते. पण रुग्णांची संख्या अत्यल्प आहे आणि बहुतेकांत तुलनेसाठी उपचार न केलेला गट नाही. त्यामुळे हा प्रकाश दाह शमविण्यास पूरक ठरू शकतो इतकेच म्हणता येते. व्रण झालेल्या जागी त्याने नवे पुटक निर्माण होते असे म्हणण्यास आधार नाही.

एक्सायमर लेसर: दाहाला आवर

झेनॉन आणि क्लोरीन यांच्या संयोगातून ३०८ नॅनोमीटरचा अतिनील झोत देणारा एक्सायमर लेसर सोरायसिस आणि कोडावर दीर्घकाळ वापरात आहे. हा प्रकाश त्वचेत जमलेल्या टी-लिम्फोसाइट पेशींना आत्मनाशाकडे ढकलतो, म्हणजे पेशी फुटून आणखी दाह न वाढविता नियोजित रीतीने मरतात. लायकेन प्लॅनोपिलॅरिसमध्ये पुटकाभोवती याच पेशी गोळा झालेल्या असल्याने तेथे एक्सायमर वापरून पाहणे तर्कसंगत होते आणि झुरिकमधील डॉक्टरांनी २०११ मध्ये सुमारे डझनभर रुग्णांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले, त्यांत लाली व खाज यांसारखी सक्रियतेची लक्षणे घटल्याचे नमूद आहे. पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. अतिनील किरण फार खोल जात नाहीत आणि भोवतालचे केस त्यांना अडवितात, शिवाय डिस्कॉइड ल्युपस हा आजार मुळात सूर्यप्रकाशाने भडकणारा असल्यामुळे त्यात अतिनील उपचार टाळावा लागतो. लायकेन प्लॅनोपिलॅरिस आणि ल्युपस हे दोन्ही लिम्फोसाइट गटातलेच आणि डोळ्यांना पुष्कळदा सारखेच दिसणारे असल्याने, बायोप्सीविना दिलेला प्रकाश एका रुग्णाला उपयोगी तर दुसऱ्याला अपायकारक ठरू शकतो.

एनडी-याग लेसर: पुटकाचा नाश हाच उपचार

पुवाळणाऱ्या गटात लेसरचा उपयोग अगदी उलट दिशेने केला जातो. फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हन्समध्ये एकाच छिद्रातून अनेक केसांचा झुबका बाहेर पडतो, त्याभोवती जिवाणू आणि पू साचतो आणि दाह शेजारच्या पुटकांकडे सरकत जातो. डिसेक्टिंग सेल्युलायटिसमध्ये त्वचेखाली एकमेकांना जोडलेली गळवे तयार होतात. केस आणि त्याचे पुटक हेच दाहाचे केंद्र असल्यामुळे ते काढून टाकले तर दाहाला थारा राहणार नाही, हा विचार करून नको असलेले केस काढण्यासाठी वापरला जाणारा १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर येथे वापरला गेला. त्याचा प्रकाश केसातील मेलॅनिन शोषते, उष्णता पुटकात पसरते आणि ते करपून जाते. औषधांना दाद न देणाऱ्या काही रुग्णांत यामुळे पू आणि वेदना थांबल्याचे अहवाल आहेत. अर्थात त्या भागावर केस पुन्हा उगवणार नाहीत हे रुग्णाने आधीच स्वीकारावे लागते. वाढत्या चट्ट्याला बांध घालण्यासाठी मोजलेली ती किंमत असते. प्रकाश शोषणारे रंगद्रव्यच नसल्याने पांढऱ्या केसांवर हा उपाय चालत नाही.

फ्रॅक्शनल लेसर: व्रणाची मशागत

चौथा प्रकार १०,६०० नॅनोमीटरच्या कार्बन डायऑक्साइड लेसरचा. याचा प्रकाश पाणी शोषते आणि ऊती क्षणात वाफ होऊन जाते. २००४ पासून रूढ झालेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत संपूर्ण पृष्ठभाग न जाळता त्वचेवर अतिसूक्ष्म खांबांच्या आकाराची छिद्रे पाडली जातात आणि मधली निरोगी त्वचा ती जखम लवकर भरून आणते. या प्रक्रियेत जुने, ताठर कोलॅजन मोडून नवे घडते आणि रक्तपुरवठा सुधारतो. भाजल्यामुळे डोक्यावर आलेला व्रण असा मऊ झाला, की त्यात केसांचे प्रत्यारोपण करणे सुकर होऊ शकते. ताठ आणि रक्तपुरवठा तुटपुंजा असलेल्या व्रणात रोवलेली पुटके जगण्याचे प्रमाण निरोगी टाळूपेक्षा कमी असते, ही शल्यचिकित्सकांची जुनी अडचण आहे. याच छिद्रांमधून वरून लावलेले औषध अधिक खोल पोहोचविण्याचे प्रयोगही झाले आहेत. दुय्यम गटात दाह संपलेला असल्यामुळे ही पद्धत तुलनेने निर्धास्तपणे वापरता येते. प्राथमिक गटात मात्र आजार किमान एक ते दोन वर्षे पूर्ण शांत राहिल्याखेरीज प्रत्यारोपणाचा विचार करीत नाहीत आणि त्यानंतरही तो उलटून रोवलेले केस गमावण्याचा धोका उरतोच.

धोके आणि सावध निवड

लेसरमुळे होणारी इजा स्वतःच या आजाराला चिथावू शकते. लायकेन गटातील आजारांत त्वचेवर ओरखडा, शस्त्रक्रिया किंवा भाजणे घडले की त्याच जागी नवा आजार उमटतो, याला कोबनर प्रतिसाद म्हणतात. प्रत्यारोपण आणि चेहऱ्यावरील सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर लायकेन प्लॅनोपिलॅरिस सुरू झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत. म्हणून सक्रिय दाह असलेल्या टाळूवर फ्रॅक्शनल लेसर चालविणे धोक्याचे असते. दुसरा प्रश्न त्वचेच्या वर्णाचा. हार्वर्डमधील थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे वर्गीकरण सूर्यप्रकाशाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून करण्याची पद्धत मांडली. पुढे सहा प्रकारांपर्यंत विस्तारलेल्या या श्रेणीत भारतीयांची त्वचा मोठ्या प्रमाणावर चौथ्या आणि पाचव्या प्रकारात बसते. अशा त्वचेतील मेलॅनिन केसासाठी योजलेली उष्णता स्वतःकडे खेचते आणि भाजणे, काळे डाग किंवा पांढरे चट्टे उद्भवतात. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश मेलॅनिन तुलनेने कमी शोषते आणि तो अधिक खोल जातो, म्हणून केस काढण्याच्या लेसरांमध्ये सावळ्या वर्णासाठी तोच अधिक सुरक्षित मानला जातो. कोणत्याही लेसर उपचाराच्या वेळी डोळ्यांवर योग्य तरंगलांबीचा संरक्षक चष्मा असणे अपरिहार्य आहे, विशेषतः भुवयांजवळ काम चालू असताना.

हे सर्व लक्षात घेता रुग्णाने लेसरच्या सत्रांचे पॅकेज घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून चार गोष्टींची उत्तरे मिळविणे हिताचे ठरते: आजाराचे नाव बायोप्सीने किंवा किमान डर्मोस्कोपने निश्चित झाले आहे काय, तो सध्या सक्रिय आहे की शांत, प्रस्तावित लेसर कोणत्या तरंगलांबीचा असून त्याने चालना, शमन, नाश की मशागत यांपैकी काय साधायचे आहे, आणि यश कोणत्या मापाने, किती महिन्यांनी ठरविले जाणार आहे. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढत असल्यामुळे चार-सहा महिन्यांपूर्वी निकाल लावता येत नाही. ठरावीक अंतराने त्याच जागेची, त्याच प्रकाशात घेतलेली छायाचित्रे आणि डर्मोस्कोपची चित्रे ठेवली तरच बदल खरा की भासमान हे कळते. चट्ट्याची कड जेथे होती तेथेच राहिली आणि खाज, लाली थांबली, तर एकही नवा केस न येताही उपचार यशस्वी झाला असे या आजारात मानले जाते, कारण गेलेल्या पुटकाची भरपाई आज कोणत्याही प्रकाशाने होत नाही. त्यामुळे टाळूवर दुखरा, खाजरा चट्टा दिसल्यावर तज्ज्ञाकडे जाण्यात दवडलेल्या महिन्यांचे मोल हे पुढे निवडलेल्या कोणत्याही यंत्राच्या किमतीपेक्षा मोठे ठरते.